मावशी, आधी हात वर

मालिशनं चरबी जात नाय. हे मी पहिलंच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी विचारायला नको. तीस वर्षं मी मालिश केली. अंबरनाथला केली, उल्हासनगरच्या कॅम्पात केली, बदलापूरला केली. तीस वर्षं बाया मला एकच विचारत आल्या, "मावशी, पोट कमी होईल ना?" आणि मी म्हणायची, "होईल हो, सरळ पडा." खोटं बोलायची. घरात दोन पोरं होती.

मासिकाचा अंक काढणाऱ्या ताई म्हणाल्या, तुमच्या कामाचं लिहून द्या. मी चौथी शिकलेली. अक्षर येतं, पण हात आता थरथरतो, म्हणून मी बोलते आणि नात लिहिते. तिला बजावलंय, माझं बोलणं सुधारायचं नाय.

नवरा कंपनीत होता. कंपनी बंद पडली, मंग तो पण दारूनं गेला. त्यात सांगण्यासारखं काय नाय, त्या वेळी अंबरनाथला घराघरात तेच होतं. माझी मावशी बाळंतिणींना न्हाऊ-माखू घालायची, तिच्या हाताखाली शिकले. शिकायला लोकांना वाटतं तसं सोपं नसतं. तेल आपल्या तळव्यात गरम करायचं, अंगावर थंड ओतायचं नाय. हात पायाकडून वर न्यायचा, काळजाच्या बाजूला. आणि दोन गोष्टी मावशीनं पहिल्या दिवशी सांगितल्या. टाक्यावर जोर नाय, आणि गाठीवर हात नाय. गाठ लागली की तेलाची वाटी उचलायची आणि म्हणायचं, बाई, डॉक्टरकडं जा. तिथं आपलं काम संपलं.

नव्वदच्या आसपास असेल, उल्हासनगरला कॅम्प नंबर चारच्या बाजारात एका दुकानाच्या माळ्यावर बारीक व्हायचं पार्लर निघालं. तिथल्या मॅडमनं मला मालिशला ठेवलं. पंखा होता, बसायला स्टूल होतं. मला वाटलं, आता दारोदार फिरायचं संपलं.

आत काय होतं सांगते. एक वाफेची पेटी, त्यात बाई बसवायची, डोकं तेवढं बाहेर. एक मशीन, त्याला रुंद पट्टा. पट्टा कमरेला लावून बटण दाबलं की बाई गदागदा हलायची. त्यानं चरबी विरघळते, असं मॅडम सांगायची. चरबी म्हणजे काय डालडा हाय का, हलवली की विरघळायला? एक पावडर द्यायची, जेवणाच्या बदल्यात पाण्यातून घ्यायला. आणि शेवटी एक वजनकाटा, ज्याच्यावर उभं राहतात तो, काचेत आकडे दिसणारा.

त्या काट्याला मागं खाली एक छोटं चाक होतं. ते फिरवलं की आकडा मागं सरकायचा. मॅडमनं मला दाखवलं. दर पंधरा दिवसांनी चाक थोडंसं फिरवायचं. काचेवर नॅपकिन टाकलेला असायचा. बाई काट्यावर चढली की मी वाकून तो उचलायचा, म्हणजे मोकळ्या काट्याचा आकडा कुणाला दिसू नये.

मी विचारलं, "मॅडम, ये तो झूठ है ना?"

"झूठ नहीं, हिम्मत है," मॅडम म्हणाली. "वजन कम दिखेगा तो औरत को हिम्मत आएगी."

मी चाक फिरवलं. सहा महिने फिरवलं. हे लिही गं, असंच लिही.

तिथं शोभा यायची. अंबरनाथची, शिवमंदिराच्या अलीकडच्या चाळीत राहणारी, माहेर बदलापूर गावातलं. पस्तिशीची असेल. तीन पोरं, शेवटचं पोट फाडून झालेलं. नवऱ्यानं चारचौघांत म्हटलेलं, "हिला न्यायची तर टेम्पो लागतो." म्हणून ती पार्लरला आली होती. मशिनीवर हलायची, डोळे गच्च मिटून. वजनाला उभी राहिली की मी नॅपकिन उचलायची आणि तिचं तोंड असं उजळायचं की मला खाली बघावं लागायचं.

एक दिवस ती मालिशला पडली आणि खोकला आला तिला. माझा तळवा तिच्या पोटावर होता, जुन्या टाक्यांच्या बाजूला. खोकल्यासरशी आतनं लिंबाएवढं काहीतरी माझ्या हातावर आपटलं आणि परत आत गेलं.

मी वाटी उचलली.

"हे कधीपासनं हाय?"

"ते होय? उभी राहिले की येतं, पडले की जातं. चरबी हाय मावशी. मॅडम म्हणाल्या पट्ट्यानं जाईल."

मॅडमला ठाऊक होतं! बाईच्या पोटातनं आतडं बाहेर यायला बघतंय, आणि हिनं त्याच्यावर पट्टा बांधून तिला हलवलंय. मी तिथंच ओरडले. मॅडम म्हणाली, "तुम डॉक्टर हो? तेल लगाने का काम है, तेल लगाओ." शोभाची पट्ट्याची पाळी आली तेव्हा मी मशिनीची पिन वायरसकट ओढून काढली आणि हातात धरून उभी राहिले. त्या दिवशी माझी नोकरी गेली. पिन मी जिना उतरेपर्यंत हातातनं सोडली नाय.

शोभाला मी मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाले, हर्निया हाय, टाके घातले तिथं पोट फाटलंय, ऑपरेशन करावं लागेल. पण या वजनावर भूल देणं धोक्याचं, आणि शिवलेलं परत उसवेल. पंधरा किलो कमी करून या. जड उचलायचं नाय. आणि गाठ आत जायची थांबली, उलट्या झाल्या, तर धावत यायचं, नायतर जीव जाईल.

पंधरा किलो कमी करून या! जशी काय पंधरा किलोची पिशवी बाहेर ठेवून यायचीय. कसं करायचं ते कोण सांगणार? त्याच्यासाठी वेळ नसतो कुणाला.

बाहेर बाकावर शोभा म्हणाली, "मावशी, चार तर उतरलेत ना? अकराच राहिले."

त्या बाकावर मी तिला चाकाचं सांगितलं.

ती उठून एकटी रिक्षात बसली आणि गेली. तीन दिवस मी तिच्या दारावरनं गेले, दार लोटलेलं. चौथ्या दिवशी ती माझ्या घरी आली. म्हणाली, "चल, लाकडाच्या वखारीत."

वखारीत मोठा काटा होता, साखळ्यांना टांगलेल्या फळ्यांचा. एका फळीवर लाकूड, दुसरीवर लोखंडी वजनं. वखारवाले काका म्हणाले, "बाई, इथं जळण मोजतात."

"मंग मला जळणच समजा," शोभा म्हणाली आणि फळीवर बसली. बसल्यावर माझ्याकडं बघितलं. "मावशी, आधी हात वर."

मी दोन्ही हात डोक्यावर केले. पोलिसांपुढं चोर उभा राहतो तशी, वखारीत, लाकडं घ्यायला आलेल्या माणसांसमोर. काकांनी वजनं टाकली. एक्याऐंशी. पार्लरला आली तेव्हा अठ्ठ्याहत्तर होती. काचेनं तिला चौऱ्याहत्तर दाखवलेलं. म्हणजे सहा महिन्यांत बाई तीन किलोनं वाढली होती आणि खूश होती. ती खुशी माझ्या हातची होती.

आता माझी एक जुनी शेठाणी होती, मोहिनी भाभी. कॅम्प चारमध्येच घर, नवऱ्याचं कापडाचं दुकान, गुडघे दुखायचे म्हणून मी जायची. ती मला अदी म्हणायची, सिंधीत अदी म्हणजे बहीण. तिला मी हे सगळं सांगितलं. ती पण त्या पार्लरची पावडर पीत होती. तिनं पावडरीचा डबा मोरीत उलटा केला. "अदी, मुझे भी साथ ले लो. मैं तो कुछ खाती ही नहीं, फिर भी फूलती हूँ."

शोभा पण हेच म्हणायची, "मी काय खातच नाय." डॉक्टर असल्या बायांना हसतात. मी हसले नाय. इतकी वर्षं बायांच्या स्वयंपाकघरातनं पाणी तापवून घेतलंय, बाया खोटं बोलत नाय हे मला माहीत होतं. मी दोघींना एक काम दिलं. "उद्या दिवसभर जे तोंडात घालशील, तेवढंच एका पातेल्यात काढून ठेव. घास खाल्ला, घास टाक. चहा प्यालीस, तेवढी साखर टाक."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शोभाच्या घरी पातेल्याचं झाकण काढलं. काठोकाठ. धाकट्यानं टाकलेला भात. सकाळच्या दोन चपात्या, वाया जातील म्हणून. नवऱ्याच्या डब्यात परत आलेली तेलकट भाजी. खिचडीच्या टोपाचं बूड. येता-जाता मूठमूठ शेंगदाणे. सहा चहाची साखर. आणि त्या दिवशी चतुर्थी होती, बाईचा उपास होता, म्हणून वरनं साबुदाणा.

शोभा बघत राहिली. "हे मी खाल्लं? मावशी, मला तर याची चवसुद्धा आठवत नाय."

तेव्हा जो राग आला तो अजून गेलेला नाय. सगळ्या घराला गरम वाढायचं, शेवटी उरलेलं आपण. अन्न टाकायचं नाय म्हणे. मंग कुठं टाकायचं? बाईच्या पोटात. बाईचं पोट म्हणजे घराची मोरी. एवढं पातेलंभर खाऊन एक घास सुखाचा नाय, आणि वर नवरा म्हणतो टेम्पो लागतो. अरे, तुझंच उष्टं वाढलंय तिच्या अंगावर!

मोहिनी भाभीचं पातेलं वेगळं होतं. तुपातली कोकी, म्हणजे त्यांची जाड पोळी, पापड, मिठाई. पण तिची पण तीच गोष्ट, पोरांच्या प्लेटा पुसून खाल्लेलं. तिनं झाकण पटकन लावलं आणि म्हणाली, "ये पतीली मेरे पति को मत दिखाना."

आम्ही ठरवलं ते साधं होतं. ताट वाढून घ्यायचं, एकदाच, जे खायचं ते सगळं डोळ्यापुढं. घरातली माणसं बसतील तेव्हाच बसायचं, गरम. उभ्यानं काय नाय, टोपातनं काय नाय. उरलं तर दुसऱ्या दिवशी कमी शिजवायचं. उपास एकच, सोमवारचा, तो पण फळ-दुधावर. भाभीनं आम्हाला त्यांची साई भाजी शिकवली, पालक आणि डाळ एकत्र, तेल अगदी थोडं. शोभानं ती इतकी केली की पोरं म्हणायला लागली, आई, आपण सिंधी झालो का?

आणि चालायचं. पण कामाशिवाय बाई रस्त्यानं चालली तर लोकांच्या डोळ्यात येतं. म्हणून शोभा रॉकेलचा रिकामा कॅन घेऊन निघायची. लोकांना वाटायचं रेशनला चाललीय. भाभी रिक्षानं नाक्यापर्यंत यायची आणि तिथनं आम्ही तिघी शिवमंदिरापर्यंत जायचो, परत यायचो. देवाला चाललो म्हटलं की कुणी अडवत नाय. त्या दोघी आत जायच्या. आम्ही बुद्धाचे, मी बाहेर चपला आणि कॅन राखायची. नाक्यावर पोरं बसलेली असायची. एकदा एक ओरडला, "अरे टँकर आला, टँकर!"

भाभी थांबली. "हाँ भाई, टँकर है, ब्रेक फेल है. बाजू हटो!" पोरं खरंच उठली. शोभा पोट धरून हसली, एका हातानं गाठ दाबून.

शोभाला जड उचलायचं नव्हतं, तर तिचं नळाचं पाणी शेजारच्या दोघी भरायच्या. बिचाऱ्यांनी कधी विचारलं नाय किती दिवस. नवरा? नवरा म्हणायचा, "चाळीत लोक काय म्हणतील, मी पाणी भरतो म्हणून." बायको मेली तर लोक काय म्हणतील, हे त्याला सुचलं नाय.

खरी लढाई ताटाची झाली. पहिल्या आठवड्यातच शोभानं सगळ्यांबरोबर आपलं ताट घेतलं आणि सासूनं ते उचलून मोरीत नेऊन ठेवलं. "पुरुषमाणूस जेवायचाय आणि ही बसली पाटावर! आमच्यात असं चालत नाय." नवरा खाली मान घालून जेवत राहिला. शोभा सकाळी फिरायला आली नाय. पोरीकडनं निरोप, "मावशीला सांग, राहू दे सगळं."

राहू दे! पोटात आतडं टांगलंय आणि राहू दे!

मी भाभीला सांगितलं. दुसऱ्या दिवशी रविवार होता. दुपारी जेवायच्या वेळेला भाभी रिक्षातनं उतरली, भारीची साडी, हातात स्टीलचं ताट, वर रुमाल झाकलेला. मी माझं ताट घेऊन आले. दोघी शोभाच्या ओट्यावर जाऊन मांडी घालून बसलो.

सासू बाहेर आली. "हे काय?"

"माँजी, मंगलवार को मंदिर में शोभा बोली थी कि आपके हाथ की आमटी बहुत अच्छी है," भाभी म्हणाली. "हम अपना खाना लाए हैं. आमटी आप दो. शोभा को भी बुलाओ, हम अकेले नहीं खाते."

म्हातारीनं माझ्याकडं बघितलं, मंग माझ्या ताटाकडं. ते बघणं मला लहानपणापासनं ओळखीचं होतं. हिच्याच कमरेला मी दोनदा तेल लावलं होतं. अंगाला हात चालतो, ओट्यावर ताट चालत नाय. मी पण तिच्याकडं बघितलं आणि ताट हललं नाय. दारात आलेल्या माणसाला उठवता येत नाय, आणि शेजारच्या चार दारांतनं बाया बघत होत्या. म्हातारी आत गेली, आमटीचं पातेलं घेऊन आली, वाढली. आधी भाभीला, मंग मला. वाटीला पळी न लागू देता, वरनं. पण वाढली.

शोभा आपलं ताट घेऊन बाहेर आली. आत तिचा नवरा जेवत होता आणि बाहेर आम्ही. एकाच वेळेला.

दर रविवारी बसलो. चाळीतल्या अजून दोघी ताटं घेऊन यायला लागल्या. पावसाळ्याच्या आधीचा एक रविवार असेल, आम्ही बसलो आणि मागनं म्हातारी आली, स्वतःचं ताट घेऊन, माझ्या शेजारी जागा होती तिथंच बसली. भातावर हात ठेवून ती म्हणाली, "अगं बया, वाफ येतेय." पहिला घास तिनं फुंकून खाल्ला. बाकीचं जेवण संपेपर्यंत वर बघितलं नाय तिनं.

दर महिन्याला वखार. दर महिन्याला शोभा फळीवर बसायची आणि म्हणायची, "मावशी, आधी हात वर." सुरवातीला चिडून म्हणायची. नंतर वखारवाले काकाच म्हणायला लागले, "इंदूबाई, हात!" लोक हसायचे. शोभा मात्र हसायची नाय, हात वर जाईपर्यंत बघत राहायची. मी कधी कुरकुर केली नाय. सहा महिने चाक फिरवलं होतं.

एकदा बदलापूर गावाला चुलतभावाची हळद झाली. माहेरच्यांनी तिला बसवून बसवून खायला घातलं. "आमच्या घरचं नको वाटतं? वाळलीस की गं पार, सासरी देत नाय का?" पोरीला आधी जाडी म्हणून हसायचं, उतरायला लागली की वाळली म्हणून भरवायचं. त्या महिन्यात ती फळीवर बसेना.

"अरी बैठ ना," भाभी म्हणाली. "काटा है, सास थोड़ी है."

दीड किलो वाढलेलं. पुढच्या महिन्यात ते गेलं, वर अजून एक गेलं.

मध्ये एकदा मी पार्लरच्या जिन्याखाली उभी राहून बायांना चाकाचं सांगत होते. दोघी-तिघींनी ऐकलं. एक म्हणाली, "तुम्हाला काढलंय ना कामावरनं, म्हणून बोलताय." पुढं ते पार्लर बंद झालं आणि तीच मॅडम दुसऱ्या बाजारात दुसरी पाटी लावून बसली, असं भाभीनं सांगितलं. तिला कुणी हात वर करायला लावले नाय. आणि आता पण नातीच्या मोबाईलवर बघते ना मी, तोच पट्टा, तीच पावडर, फक्त डबा चकचकीत.

शोभाला जवळजवळ वर्ष लागलं. ऑपरेशन झालं, चांगलं झालं. आता ती स्वतः सासू हाय, सुनेला आधी वाढते असं म्हणते. मी जाऊन बघितलेलं नाय, पण खरं असेल. मोहिनी भाभी गेली, तिचं ताट माझ्याकडं हाय.

ऑपरेशनच्या आधी दवाखान्यात वजन करतात, तिथली सकाळ मला राहून राहून आठवते. पांढरा उभा काटा होता, सरकवायच्या दांडीचा. सिस्टर म्हणाली, चढा. नवरा होता, सासू होती, भाभी होती. शोभा चपला काढून चढली. माझे हात आपोआप वर गेले, सवयच झालेली. सिस्टर माझ्याकडं बघायला लागली, या बाईला काय झालं म्हणून.

सिस्टरनं दांडी सरकवली, थांबवली. "पासष्ट."

शोभानं आकड्याकडं बघितलं नाय. मागं वळून माझ्याकडं बघितलं, आणि खांद्यावरची पिशवी काढून पुढं केली. त्या पिशवीत तिचं मंगळसूत्र होतं, बांगड्या होत्या, दवाखान्यात काढून ठेवायला सांगितलेलं सगळं. सासूकडं दिली नाय, नवऱ्याकडं दिली नाय.

"मावशी, हात खाली घे," ती म्हणाली. "हे धर."